डायलिसिस चालू असताना बाबांचं बीपी पडतं, उपाय सांगा

कोथरूडकर७
दर वेळी शेवटच्या तासात हाच प्रकार. काल पुन्हा ८०/५०. टेक्निशियनने पाय वर केले, सलाईन सोडलं, मशीन अर्धा तास आधीच बंद. घरी आल्यावर बाबा संध्याकाळपर्यंत आडवे. डॉक्टर राउंडला येतात, 'पाणी कमी प्या' म्हणतात नि जातात. शुक्रवारी पुन्हा जायचंय. लवकर सांगा.

नीलाताई
आठवड्यातून किती वेळा? दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं? ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन? शुगर? काहीच न सांगता उपाय कसा सांगणार?

हडपसरचा_वाघ
लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्या. आमच्या आईचं बीपी पाच मिनिटांत चढतं.

नीलाताई
आईंचं डायलिसिस चालू आहे का?

हडपसरचा_वाघ
नाही. पण बीपी ते बीपीच ना.

नीलाताई
अहो, मीठ खाल्लं की तहान लागते, आणि प्यायलेलं ते पाणी मशीनला ओढून काढावं लागतं. बीपी पडतं ते त्यानेच. आता कोणी शहाळं सुचवू नका, पोटॅशियम असतं त्यात, किडनीच्या पेशंटला ते चालत नाही.

धायरीचे_आजोबा
शहाळ्याचंच लिहायला आलो होतो. असो. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, कार्ड काढलंय का?

कोथरूडकर७
आजोबा, पैशांचं नाही विचारलं. नीलाताई, आठवड्यातून दोनदा. ड्राय वेट ५६, काल ५९.८ भरलं. शुगर वीस वर्षं. बीपीची गोळी नेहमीसारखी सकाळी घेऊनच निघतात.

मशीनवाला_पेशंट
हे आधी लिहायचं ना! ५९.८ वरून ५६ वर आणायचं तर ३.८ लिटर पाणी ४ तासांत काढायचं, म्हणजे वजनाच्या किलोमागे तासाला जवळपास १७ मिली. माझे किडनीचे डॉक्टर १३ च्या वर जाऊ देत नाहीत. आठवड्यात तिसरं डायलिसिस मागा, नाहीतर तास वाढवून घ्या. गोळी डायलिसिसच्या दिवशी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. माझं मशीनचं पाणी ३५.५ डिग्रीवर, जरा गार ठेवतात. हुडहुडी भरते, मी गोधडी नेतो, पण बीपी टिकतं. माझं पडायच्या आधी जांभया सुरू होतात. बाबांनाही येत असतील तर तेव्हाच टेक्निशियनला हाक मारा, आकडा बघत बसू नका. आणि मशीनवर काही खातात का?

कोथरूडकर७
जांभया येतात! आम्हाला वाटायचं कंटाळले. खायला आईचा स्टीलचा डबा असतो, तिसऱ्या तासाला गरम उपमा.

मशीनवाला_पेशंट
डबा मशीनवरून सुटल्यावर उघडा. खाल्लं की रक्त पोटाकडे वळतं, तिकडे मशीन पाणी ओढतंच आहे.

हडपसरचा_वाघ
उपाशी ठेवल्यावर बीपी पडणार नाही तर काय?

नीलाताई
उपाशी कुठे, निघण्याआधी खाऊन जायचं. शुगर आहे, कधी खायचं ते डॉक्टरांशी ठरवा. आणि ड्राय वेट शेवटचं कधी तपासलं? अंगावर मांस चढलं असेल तर ५६ चा आकडा जुना झाला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाय का?

कोथरूडकर७
इको दोन वर्षांपूर्वी. ड्राय वेट सुरुवातीपासून तेच. शुक्रवारी दोन्ही विचारतो, गोळीचंही. डब्याचं आईला सांगितलं. म्हणाली, मग थोडासाच देते.