आमदार लोकसभेला उभा राहतो तेव्हा त्याच्याच मतदारांनी काय करायचं?

साकवापलीकडची

आम्ही गोव्यातले. आमच्या आमदारांचं नाव लोकसभेसाठी चालू आहे. पक्षाने अजून जाहीर केलेलं नाही, पण गावात कोणालाच शंका उरलेली नाही. चवथीच्या आधीपासून ते दुसऱ्या तालुक्यांतल्या भजनी सप्ताहांना आणि फुटबॉलच्या बक्षीस समारंभांना दिसू लागलेत. त्यांचं नाव आणि आमचा मतदारसंघ मी मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की चर्चा पक्षावर जाईल.

माणूस कामाचा आहे. मागच्या पावसात ओहोळ फुगला तेव्हा रात्री दोन वाजता गुडघाभर पाण्यात येऊन उभे राहिले होते. आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, साकवाचा (ओहोळावरच्या छोट्या पुलाचा) नारळ त्यांनीच फोडला. आज ओहोळात दोन खांब उभे आहेत, वरच्या सळ्या गंजून तांबड्या झाल्यात आणि मुलं दीड किलोमीटरचा वळसा घालून शाळेत जातात. ती फाईल कुठल्या खात्यात, कुणाच्या टेबलावर अडलीय हे त्यांना तोंडपाठ आहे. दुसऱ्या कुणाला नाही. शेजारच्या आजी परवा पोदेराकडून पाव घेताना म्हणाल्या, "तो दिल्लीक गेल्यार आमकां कोण पळयतलो?" म्हणजे तो दिल्लीला गेला तर आपल्याला कोण बघणार? तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

राज्यघटनेच्या १०१व्या कलमाप्रमाणे एकच माणूस आमदार आणि खासदार दोन्ही राहू शकत नाही. लोकसभेवर निवडून आल्याचं राजपत्रात छापून आल्यापासून १४ दिवसांत आमदारकी सोडावी लागते, नाहीतर खासदारकी जाते. म्हणजे आमच्यासाठी एकाच बटणाने दोन गोष्टी होतात : एक खासदार निवडला जातो आणि आमचा आमदार जातो. गोव्यात लोकसभेच्या एका जागेत विधानसभेचे २० मतदारसंघ येतात. बाकीच्या १९ मतदारसंघांना फक्त मिळायचंच आहे. गमवायचं आहे ते आम्हाला.

माझं मत असं बनत चाललंय की अर्धी मुदतही न संपवलेल्या आमदाराला त्याच्या मतदारांनी लोकसभेला मत देऊ नये. पाच वर्षं मागितली होती, ती आधी द्यावीत. तुम्हाला काय वाटतं?

वाळवंटीकाठचा

ताई, साकवाचं दुखणं समजतं, आमच्याकडेही असा एक आहे. पण निष्कर्ष मला पटत नाही.

५४३ खासदारांत गोव्याचे दोन. राज्यसभेत एक. तिथे नवखा माणूस पाठवणं आपल्याला परवडत नाही. म्हादई नदीच्या पाण्याचा कर्नाटकाशी असलेला वादच घ्या. लवादाने २०१८च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं. डिसेंबर २०२२मध्ये केंद्रीय जल आयोगाने कळसा-भांडुरा या म्हादईचं पाणी वळवायच्या कर्नाटकाच्या प्रकल्पाच्या आराखड्याला मंजुरी दिली. हे सगळं दिल्लीत ठरलं. आमच्या वाळवंटीला पाणी किती राहणार हे साखळीच्या नगरपालिकेत ठरत नाही आणि पर्वरीला विधानसभेच्या सभागृहात ठराव करूनही ठरत नाही. तिथे विधानसभेत प्रश्न विचारलेला, लक्षवेधी मांडलेली, अर्थसंकल्पावर रात्री बसून वाचन केलेलं माणूस हवं. असा अनुभव आमदाराकडे असतो. "तू चांगलं काम करतोस म्हणून तुला पुढे पाठवणार नाही" हा कुठला न्याय? अशाने दिल्लीला फक्त पडलेले आणि कंटाळलेले लोक जातील.

आणि साकव एका माणसाच्या तोंडपाठ असण्यावर चालत असेल तर बिघाड खात्यात आहे. तो आमदार गावात अडकवून दुरुस्त होणार नाही.

भाटलेकर

मी पणजीचा मतदार. आमचा हिशेब ऐका. विधानसभेसाठी मी मार्च २०१२मध्ये मत दिलं. मग फेब्रुवारी २०१५, फेब्रुवारी २०१७, ऑगस्ट २०१७, मे २०१९, फेब्रुवारी २०२२. दहा वर्षांत सहा वेळा. पैकी तीन पोटनिवडणुका. २०१९ची मनोहर पर्रीकरांच्या निधनामुळे झाली, तिला कोण काय करणार. पण २०१५ची झाली ती ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले म्हणून, आणि २०१७ची झाली ते मुख्यमंत्री म्हणून परत आले म्हणून.

माझी पर्रीकरांवर श्रद्धा होती, आजही आहे. पण पोटनिवडणुकीचे ते दिवस मी पाहिलेत. आचारसंहिता लागते, नवी कामं थांबतात, सगळं मंत्रिमंडळ एका शहरात तळ ठोकून बसतं. आमच्या गल्लीतलं गटार तेव्हा उकरून ठेवलेलं होतं आणि आम्ही दोन महिने फळी टाकून घरात जात होतो. ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

वाळवंटीकाठचा

भाटलेकर, त्याच हिशेबातला एक आकडा तुम्ही सोडलात. ऑगस्ट २०१७मध्ये पणजीने पर्रीकरांना ४,८०३ मतांनी पुन्हा निवडून दिलं. दिल्लीला गेले याचा राग असता तर तो दाखवायची तीच वेळ होती. मतदारांनी माफ केलं, किंवा मुळात त्यांना तो गुन्हाच वाटला नाही.

भाटलेकर

निवडून दिलं, त्यात माझंही मत होतं. कारण तोवर ते मुख्यमंत्री झालेले होते आणि मुख्यमंत्र्याला पाडणारा मतदारसंघ आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. तो कौल दिल्लीला जाण्यावर नव्हता. २०१४मध्ये ते राज्यसभेवर उत्तर प्रदेशातून गेले. त्या निर्णयात आम्हाला कुणी विचारलंच नाही. ताईंना निदान बटण दाबायला मिळणार आहे, म्हणून मी म्हणतो विचार करून दाबा.

अंत्रुजकार

सगळेजण खासदारकीला "वरचं पद" धरून बोलताय. गोव्यात ते खरंच वरचं आहे का?

जरा मागे जा. दक्षिणेच्या जागेला तेव्हा मुरगाव म्हणत. १९९८ला तिथून फ्रान्सिस सार्दिन लोकसभेवर गेले, १९९९ला विधानसभेत परत आले आणि त्याच वर्षी मुख्यमंत्री झाले. २००४ला चर्चिल आलेमांव तिथून खासदार झाले, २००७ला लोकसभा सोडून विधानसभेला उभे राहिले. मग पोटनिवडणूक होऊन त्याच जागेवर परत सार्दिन गेले. म्हणजे शिडी उलटी लावलेली. आपल्याकडे ४० जणांच्या सभागृहात २१ जमले की सरकार, आणि त्यातल्या बाराजणांना मंत्रिपद. इथे चार आमदार हाताशी असलेल्याला जे वजन आहे ते दिल्लीत मागच्या बाकावरच्या खासदाराला नाही.

म्हणून माझा सवाल वेगळा आहे. तुमचे आमदार दिल्लीला कशासाठी चाललेत? तिथे जाऊन बसायचं आहे, की पक्षाला तगडा उमेदवार मिळेना म्हणून त्यांना ढकललंय? ढकललेला माणूस दोन वर्षांत परत येतो, आणि मग तुम्ही आमदारही गमावता आणि खासदारही. जो मनापासून चाललाय त्याला मी मत देईन, मुदत अर्धी असो की पाव.

ओळखायचं कसं? गेल्या दोन अधिवेशनांत तो कशावर बोलला ते बघा. केवळ आपल्या वॉर्डातल्या हॉटमिक्सवर, म्हणजे रस्त्याच्या डांबरीकरणावर बोलला, की मोलेंतल्या रेल्वे दुपदरीकरणावर, मुरगाव बंदरातल्या कोळशावर, खाणींवरही बोलला? विधानसभेचं कामकाज छापलेलं असतं. आपण वाचत नाही, एवढंच.

केपेकार

मी गावडा समाजातला. आमच्या समाजाला, कुणबी आणि वेळीप बांधवांसह, अनुसूचित जमातींत घेतलं २००३ला. विधानसभेत जागा राखीव नव्हत्या. चाळीसपैकी एकच मतदारसंघ राखीव, पेडणे, तोही अनुसूचित जातींसाठी. वीसेक वर्षं आमची माणसं मोर्चे काढत होती. हे काम गोव्याच्या कुठल्याच आमदाराच्या हातात नव्हतं, कितीही भला असला तरी. त्याला संसदेचा कायदा लागत होता. तो लोकसभेत आणि राज्यसभेत मंजूर झाला ऑगस्ट २०२५मध्ये. माझे वडील तोवर राहिले नाहीत.

साकव हवाच. पण दिल्लीतलं मत म्हणजे दूरचं मत असं कुणी म्हटलं की मला वडील आठवतात. मोर्चाचे जुने फलक ते माळ्यावर गुंडाळून ठेवायचे, पुढच्या वेळी नवं कापड आणायला नको म्हणून. चांगला आमदार तिकडे जात असेल तर मी त्याला अडवणार नाही. वाळवंटीकाठच्यांशी सहमत.

पेडण्याची सून

रिकाम्या जागेवर कोण, हे कुणीच विचारत नाही. २०२२ला आपल्या विधानसभेत तीन नवरा-बायकोच्या जोड्या निवडून आल्या. लोकांनी मत दिलं, तक्रार नाही. पण आमदार लोकसभेला गेला आणि पोटनिवडणुकीला त्याच घरातलं माणूस उभं राहिलं, तर ताई, तुम्ही एका मताने एकाच घराला दोन पदं दिलीत. हे प्रचाराच्या आधी स्पष्ट करून घ्या.

न्यायालयाच्या पायरीवर

काहीजण म्हणतील, उभं राहण्याआधीच राजीनामा द्यावा असा कायदा करा. मीही पूर्वी असंच म्हणायचो. आता नाही. उमेदवार हरला तरी पोटनिवडणूक होणारच, म्हणजे त्रास वाढला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १५१-अ कलमाने रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते, मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर सूट. गोव्याचं वेळापत्रक बघा : विधानसभा २०२२ला, लोकसभा २०२४ला, पुढची विधानसभा २०२७ला, लोकसभा २०२९ला. लोकसभा येते तेव्हा आमदाराची जवळजवळ तीन वर्षं उरलेली असतात, त्यामुळे पोटनिवडणूक टळत नाही. आणि ताई, तुमची "अर्धी मुदत" ही अट लावली तर आपल्या राज्यात एकही आमदार कधीच लोकसभेला उभा राहू शकणार नाही. तुम्हाला खरंच असं हवंय का?

कोलवाळचा भाऊ

कायदेवाल्यांचं बरोबर असेल, पण हरल्यावर काय होतं ते मी भोगलंय, म्हणून लिहितो. कुठला आमदार, कुठली निवडणूक ते सांगत नाही. तो उभा राहिला आणि पडला. आमदारकी शाबूत होती. निकालानंतर केंद्रनिहाय मतं जाहीर होतात, सगळ्यांना बघायला मिळतात. एका केंद्रावर हजाराच्या आतबाहेर मतदार, म्हणजे कुठल्या वाड्याने हात दिला आणि कुठल्याने नाही ते बोटावर मोजता येतं. आमच्या केंद्रावर तो मागे होता. त्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यावर टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, शेजारच्या वाड्यावर रोज. माझी बायको पाच महिन्यांची गरोदर, कळशी घेऊन रांगेत. विचारायला गेलो तर ऑफिसातल्या पोराने मान वर न करता सांगितलं, "तुमचं केंद्र कुठलं?"

आपलाच आमदार उभा असतो तेव्हा गुप्त मतदान माणसापुरतं गुप्त राहतं, वाड्यापुरतं राहत नाही. ताई, "देऊ नये" हे ठरवणं इथे सोपं आहे. तुमच्या वाड्याने तसं केलं आणि ते पडले, तर साकवाची फाईल तोच माणूस बघणार आहे.

वाळवंटीकाठचा

भाऊ, हे वाचून वाईट वाटलं. पण यातून मी उलट शिकतो. अशा भीतीने मत द्यायचं किंवा अडवायचं झालं तर आमदाराने मताचा सौदा आधीच जिंकला. मत द्या किंवा देऊ नका, पण टँकरच्या हिशेबाने नको.

कोलवाळचा भाऊ

ज्याच्या घरी नळाला पाणी येतं त्याला हे म्हणता येतं. मला राग नाही, पण येतं हे खरं.

साकवापलीकडची

सगळ्यांचं दोनदा वाचलं. वेळापत्रकाची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. अर्ध्या मुदतीची अट मी मागे घेते, ती गोव्यात चालणारी नाही. केपेकार, तुमच्या वडिलांचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

पण १९ मतदारसंघ आणि आम्ही एकाच तराजूत नाही, हे म्हणणं मी सोडत नाही. वाळवंटीकाठच्यांनी त्यांच्या ठिकाणाहून "अनुभवी माणूस पाठवा" म्हणणं बरोबर आहे. त्यांच्या मताने त्यांचा आमदार जात नाही.

रविवारी संध्याकाळी देवळाच्या मंडपात आमदारांची बैठक आहे. मी जाणार आहे, आजीही येणार आहेत. अंत्रुजकारांचा प्रश्न विचारणार : दिल्लीला कशासाठी? पेडण्याच्या वहिनींचा विचारणार : मागे उभं कोण राहणार? आणि साकवाची फाईल कुठल्या टेबलावर आहे ते तिथेच, सगळ्यांसमोर, पंचायतीच्या सचिवाच्या वहीत लिहून द्या म्हणून मागणार. लिहून दिलं तर माझं मत त्यांना. भाऊंची भीती खोटी नाही, माझ्याही मनात आहे. म्हणून एकटी विचारणार नाही, वाड्यातल्या आणखी सहाजणींना सांगून ठेवलंय.

भाटलेकर

सोमवारी इथे कळवा. वहीतल्या पानाचा फोटोही काढून ठेवा.