जन्मतः वजन जास्त असलेलं बाळ: शुगरशिवाय आणखी काय पाहायचं?

रानजाई
उपकेंद्रांवरच्या एएनएम (आरोग्यसेविका) आणि आशाताईंसाठी एक पानी टिपण करते आहे. कमी वजनाच्या बाळाबद्दल सगळ्यांना सगळं पाठ असतं, पण जास्त वजनाच्या बाळाचा विषय निघाला की "आईला शुगर असेल" एवढ्यावर गाडी थांबते. जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. किती वजन जास्त धरायचं? पुस्तकात ४ किलो, आपली बाळं पावणेतीन-तीनची. शुगर सोडून नोंदणीच्या वेळी काय विचारायचं? आणि "लोहाच्या गोळ्यांनी बाळ पोटात मोठं होतं, मग सिझर करावं लागतं" म्हणून गोळ्या टाकून देणाऱ्या बायकांना काय सांगायचं?

सह्यकडा
४,००० ग्रॅम ही रूढ रेघ, काही ठिकाणी ४,५००. पण टिपणात फक्त ती रेघ देऊ नका. गर्भाच्या वयाच्या मानानं वजन ९०व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे त्याच वयाच्या शंभरातल्या नव्वद बाळांपेक्षा जास्त असेल तर ते मोठं बाळ. ३६ आठवड्यांना ३.४ किलोचं जन्मलेलं बाळ मोठंच म्हणायचं, मग ते चारच्या कितीही आत असो. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला. तिथे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास होतं, पण इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत स्नायू कमी आणि चरबी मात्र बरीचशी टिकून. म्हणजे काट्यावर ठीक दिसणारं बाळही आईच्या शुगरचा परिणाम घेऊन आलेलं असू शकतं.

कारण साधं आहे. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, आणि पोटातल्या बाळाला इन्सुलिन वाढीच्या संप्रेरकासारखंच लागू पडतं. चरबी साठते ती खांद्यांवर आणि पोटावर. म्हणून डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो.

नोंदणीच्या वेळी विचारायचं ते असं: आधीचं बाळ किती किलोचं होतं, आधीच्या बाळंतपणात शुगर होती का, खांदा अडकला होता का, घरात आई-वडील-भावंडांना मधुमेह आहे का, कितवं बाळंतपण आहे. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर तेही लिहा. पहिल्या १२ आठवड्यांतलं वजन आणि उंची हवीच. सहाव्या महिन्यात काढलेला बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काही कामाचा नाही. आपल्याकडे २३च्या पुढे जास्त वजन आणि २५पासून स्थूलता धरतात. आई-बाप दोघं उंचेपुरे असतील तर बाळ निरोगी राहूनही मोठं होऊ शकतं, आणि मुलगा सरासरीनं मुलीपेक्षा शे-सव्वाशे ग्रॅम जड असतोच. तारीख उलटून गेली की वजन वाढत राहतं. मात्र पाळीची तारीखच चुकीची असेल तर बाळ उगाच "मोठं" दिसतं, म्हणून पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी कार्डाला लावून ठेवा.

ज्वारीचं कणीस
शुगरच्या तपासणीत चुका कुठे होतात ते लिहिते, कारण यादी कितीही चांगली केली तरी तपासणीच चुकली तर काय उपयोग? ७५ ग्रॅम ग्लुकोज, ३०० मिली पाणी, पोट रिकामं असो वा नसो. ५ ते १० मिनिटांत संपवायचं आणि पिण्यास सुरुवात केल्यापासून २ तासांनी रक्त. १४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे शुगरचे आकडेही याच मापात) किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर झाली तर तपासणी चालू ठेवायची. ज्या बाईनं स्वतः ग्लुकोज ढवळलं तिचं बोट चिकट असतं, त्यावरून थेंब घेतला तर आकडा खोटा वाढतो. साबणानं धुवून, पूर्ण कोरडं करून मगच टोचा. डबी उघडी राहिलेल्या शुगर मोजायच्या पट्ट्या वापरू नका.

पहिल्या भेटीत आकडा बरा आला म्हणून दुसरी तपासणी सोडतात, ही सगळ्यात मोठी गळती. २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायचीच, दोन्हींत किमान ४ आठवड्यांचं अंतर ठेवून.

खाण्याबद्दल: "दोन जिवांचं खा" म्हणून दुप्पट वाढू नका. सुरुवातीचा बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर पूर्ण गरोदरपणात ११.५ ते १६ किलो वाढ चालते, २५ ते २९.९ला ७ ते ११.५, तीसच्या पुढे ५ ते ९. शुगर निघाली तर भाकरी बंद करायची नाही, विभागायची: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, प्रत्येकात उसळ, डाळ, दही किंवा अंडं. फळांचा रस, चहा-बिस्किटं आणि उपवासाची साबुदाणा खिचडी यांनी आकडा झपाट्यानं चढतो. दोन आठवडे पथ्य पाळून जेवणानंतर २ तासांची शुगर १२० किंवा वर असेल तर डॉक्टरांकडे पाठवा, "अजून थोडे दिवस बघू" नको.

आता लोहाची गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, चरबी वाढवणारं काही नसतं. उलट रक्त फार कमी असेल तर बाळ लहान राहतं आणि बाळंतपणात थोडा रक्तस्रावही आईला झेपत नाही. बाईला हेच सांगा: बाळ मोठं होतं ते साखरेनं, गोळीनं नाही. शौच काळी होईल, घाबरू नको. चहा आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नको. बाळ मोठं होईल म्हणून पोटाला चिमटा घेणंही तितकंच घातक.

रानजाई
ताई, आभार. शेवटच्या महिन्यात सोनोग्राफीत ३.८ किलो लिहून आलं की नातेवाईक थेट सिझरचा आग्रह धरतात. त्यांना काय सांगायचं?

सह्यकडा
तो अंदाज आहे, वजनकाटा नव्हे. चूक १० टक्केच धरली तरी ३.८ म्हणजे ३.४ ते ४.२, प्रत्यक्षात ती १५ टक्क्यांपर्यंतही जाते. मधुमेह असताना ४.५ किलोच्या पुढचा अंदाज असेल तर सिझरचा विचार करतात, मधुमेह नसेल तर ५ किलो. आकड्यापेक्षा बाळाच्या पोटाचा घेर त्याच्या डोक्याच्या मानानं वाढलाय का आणि गर्भजल जास्त आहे का, ते पाहा. अशा बाईचं बाळंतपण मात्र उपकेंद्रात नको, सिझरची सोय असेल तिथेच.

डोकं बाहेर येऊन परत आत ओढलं गेलं तर मान ओढू नका आणि पोट वरून दाबू नका. गर्भाशय फाटू शकतं, खांदा आणखी घट्ट बसतो. मदतीला हाक मारा, आईच्या दोन्ही मांड्या पोटाकडे दुमडा आणि जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या खालच्या टोकाचं समोरचं हाड) लगेच वर, बाळाच्या पाठीच्या बाजूनं दाब द्या. नंतर आईच्या रक्तस्रावावर लक्ष ठेवा, ताणलेलं गर्भाशय सैल राहतं.

आणि बाळ! गुटगुटीत दिसतं म्हणून त्याची शुगर कुणी तपासत नाही. नाळ तुटली की साखर बंद, पण त्याचं इन्सुलिन चालूच. तासाभरात अंगावर पाजा, मध-साखरपाणी नाही. मधुमेही आईचं बाळ असेल तर पहिल्या एक-दोन तासांत टाचेतून शुगर, मग पाजण्याआधी पुन्हा पुन्हा. ४५च्या आत गेली, हातपाय थरथरले किंवा बाळ सुस्त पडलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांना कळवा. आईला ६ आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी लागते, या वेळी मात्र उपाशीपोटी. लसीकरणाच्या तारखेलाच तिला बोलवा.