सहा महिन्यांत तारा निघतात म्हणे (सोसायटी ग्रुप, नांदेड)

शिंदे ताई (बी-३०२): नमस्कार. ग्रुपवर विचारायचं नव्हतं, पण राहवेना. आमच्या पोरीच्या दातांच्या तारांना वर्ष होत आलं, डॉक्टर म्हणायलेत अजून वर्षभर. लग्न वैशाखात. तिकडचे लोक आत्तापासूनच विचारायलेत, फोटोत तारा दिसणार का. दुसऱ्या एका दवाखान्यात सांगितलं, हिरडीतून हाडाला बारीक छिद्रं पाडू, सहा महिन्यांत मोकळी. पैसे वेगळे. कुणाला अनुभव आहे का?

देशमुख काका (ए-१०१): फॉरवर्ड: कंप देणारं यंत्र आलंय! रोज फक्त २० मिनिटं तोंडात धरा, दात दुप्पट वेगाने सरकतात 🙏

कुलकर्णी काकू: अगं, तारा असल्या तरी पोर गोडच दिसते. कामून एवढी घाई?

सचिव: वैयक्तिक विषय कृपया पर्सनलवर घ्यावेत. मेंटेनन्सची सूचना वर गेली.

जाधव सर: नातवाच्या बारशाचे फोटो दिवसभर पडले तेव्हा ग्रुप कुणाचा होता साहेब?

शिंदे ताई: आमचा मेंटेनन्स भरलाय. यादी बघा.

डॉ. प्राची (सी-२०४): ताई, मी दात सरळ करायचंच (ऑर्थोडॉन्टिक्स) काम करते, म्हणून लिहिते. तारेनं दात ढकलला की दाबाकडचं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. हे शरीराच्या चालीनं होतं, महिन्याला साधारण १ मिमी. तिच्या वरच्या दोन उपदाढा काढल्यात ना? एकेक जागा ७ मिमीच्या आसपास असते. एवढी फट भरायची, वर मुळं सरळ करायची. वेळ लागणारच.

जाधव सर: मग तार जरा जास्त आवळायची!

डॉ. प्राची: नको सर. जास्त जोरानं तिथला रक्तपुरवठा दबतो, दात काही आठवडे जागचा हलत नाही. मुळं झिजायची भीती वेगळीच.

देशमुख काका: यंत्राचं कुणी बोललं नाही. रोज फक्त २० मिनिटं.

डॉ. प्राची: काका, इंग्लंडमध्ये २०१५ ला त्याची नीट चाचणी झाली. काहींना खरं यंत्र, काहींना नुसतं दिखाऊ, काहींना फक्त तारा. दात सरकण्यात फरक आढळला नाही.

देशमुख काका: आमच्या भाच्याला पुण्यात फरक पडला.

कुलकर्णी काकू: भाच्याचं राहू द्या हो, छिद्रांचं सांगू द्या तिला.

डॉ. प्राची: हाडाला जखम झाली की ती भरून येईपर्यंत आसपासच्या हाडाची उलाढाल वाढते. हॅरॉल्ड फ्रॉस्टनी १९८३ मध्ये हे मांडलं. त्यावरच २००१ मध्ये विल्को बंधूंनी हिरडी उघडून हाडाला खाचा पाडायची पद्धत आणली. त्यात वेग मिळतो, पण ती शस्त्रक्रियाच आहे, सूज येते, खर्चही होतो. २००९ ची पिझोसिजन म्हणजे छोटी चीर देऊन अल्ट्रासोनिक सुरीनं हाड कापणं. छिद्रं त्याहून सौम्य. २०१३ च्या एका चाचणीत सुळा दुपटीहून वेगानं सरकला, पण ते मोजमाप महिनाभराचं होतं. पुढच्या बऱ्याच चाचण्यांत तेवढा फरक दिसला नाही. शिवाय असर काही महिन्यांत ओसरतो, मग पुन्हा टोचायचं. लेझरचंही तसंच, कुठे थोडा फायदा, कुठे काहीच नाही. अशा छिद्रांवर सहा महिन्यांची हमी कुणी देत असेल, तर मला ते पटत नाही. लग्नाच्या घाईचा असा फायदा घेतला की वाईट वाटतं.

पठाण भाई (ए-२०३): आमच्या पोराचे ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेले तुकडे, सारखे निघायलेत. डॉक्टर म्हणले दातांवर डाग आहेत, पाण्यात फ्लोराईड असेल. सचिव साहेब, बोअर तपासला का?

सचिव: दरवेळी बोअरच का? मागच्या मीटिंगला किती जण आले होते?

डॉ. प्राची: भाई, तुम्ही किनवटकडचे ना? ते डाग लहानपणी दात घडताना पडतात, साधारण आठ वर्षांपर्यंत. अशा दातांवर ब्रॅकेट कमी धरतो. इथल्या बोअरवर त्याचा आळ नको. तरी बारकी लेकरं आहेत, तपासून घ्यावं.

जाधव सर: तेच मी दोन मीटिंगा सांगायलोय.

डॉ. प्राची: ताई, वेळ खरा वाया जातो तो तारखा हुकल्या आणि निघालेला ब्रॅकेट तसाच राहिला की. दुखल्यावर आयबुप्रोफेन सारखं देऊ नका, त्यानं दात सरकणं मंदावू शकतं. पॅरासिटामॉल चालतं, डॉक्टरांना विचारून.

शिंदे ताई: सासूबाई ॲडमिट होत्या तेव्हा तारखा राहिल्या. तुटलेला ब्रॅकेट तर आत्ताही लोंबकळायलाय तारेवर. पण लग्नाचं काय करू गं?

डॉ. प्राची: सगळं अर्धवट काढून टाकू नका, दात परत मागे जातात. लग्नापुरते पुढचे ब्रॅकेट काढून पारदर्शक रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं कवच) देता येतो, नंतर पुन्हा लावायचे. तिच्या डॉक्टरांना हे आत्ताच बोला. उद्याच तो तुटलेला लावून घ्या.

देशमुख काका: फॉरवर्ड: कंप देणारं यंत्र आलंय! रोज फक्त २० मिनिटं…

कुलकर्णी काकू: काका, पुरे आता 🙏

शिंदे ताई: सकाळी नेते पोरीला. प्राची, व्याह्यांकडे फोनवर तूच दोन शब्द बोलशील का? माझं ऐकत नाहीत.

डॉ. प्राची: नंबर पाठवा ताई. आजच बोलते.

सचिव: पठाण भाई, सोमवारी बोअरचं पाणी तपासायला देतो. बाटली स्वच्छ आणा.