एका शिपायावर विकिपीडिया लेख: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश शिपायावर मी लेखाचा मसुदा केलाय, पण तो प्रकाशित करावा की नाही यावर अडलोय.

त्याला मिलिटरी मेडल (ब्रिटिश सैन्यातलं शौर्यपदक) मिळालं होतं. लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, त्याची एकच ओळ आहे: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. पराक्रमाचं वर्णन नाही. हे पदक 1916 मध्ये सुरू झालं आणि त्या युद्धासाठी 1 लाख 15 हजारांहून जास्त जणांना मिळालं, म्हणजे नुसत्या पदकावर लेख टिकणार नाही हे मला कळतं. पूर्वी इंग्रजी विकिपीडियावर सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे आणि जनरल दर्जाचे अधिकारी उल्लेखनीय (म्हणजे स्वतंत्र लेखाला पात्र) धरायचा एक संकेत होता, तोही 2021 मध्ये मोडीत निघाला. आता स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोतांत सविस्तर दखल हवीच.

माझ्याकडे काय आहे? पलटणीच्या युद्ध-रोजनिशीत एक उल्लेख: रात्री तारेच्या कुंपणापाशी पडलेल्या दोघा जखमींना त्याने ओढून आणलं. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल! पण रोजनिशी हा प्राथमिक स्रोत, म्हणजे पलटणीनेच लिहिलेला; त्यावर लेखाची पात्रता ठरत नाही. शिवाय त्या काळच्या वर्तमानपत्रात दोन परिच्छेदांची मृत्युवार्ता, तीही बहुधा घरच्यांनीच दिलेली.

ती स्वतंत्र स्रोत म्हणून धरता येईल का? की स्वतंत्र लेखाचा हट्ट सोडून पलटणीच्या लेखातच त्याच्यावर चार ओळी लिहू? त्याचं नाव कुठेतरी नीट नोंदलं जावं असं मनापासून वाटतं. असे लेख ज्यांनी हाताळलेत, त्यांनी कृपया सांगा.