‘डिमांड’ म्हणजे मागणी, मग पाहुणे का दुखावले?

साखळीची_बाय

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळी गावची. पणजीत एका लहान हॉटेलात रिसेप्शनवर आहे, आता तिसरं वर्ष. चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकले आणि पाचवीला एकदम सगळंच इंग्रजीत आलं. पास होत गेले, पण ती भाषा कधी अंगवळणी पडली नाही.

गेल्या वर्षापासून जिद्दीने शब्द पाठ करतेय. दोनशे पानी वही, मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज दहा. सकाळी कदंबा बसमध्ये बसायला मिळालं की वही मांडीवर. वही संपत आलीय.

पंधरा दिवसांपूर्वी एका पाहुण्यांनी फोन करून खोलीत जादा खाट मिळेल का, असं विचारलं. वयस्कर जोडपं, बोलणं फार गोड. मी स्वतः उभी राहून खाट लावून घेतली, स्वच्छ चादर घातली आणि ईमेल लिहिला, ‘ॲज पर युवर डिमांड, एक्स्ट्रा बेड हॅज बीन केप्ट.’ उत्तर आलं, ‘आय डिड नॉट डिमांड एनिथिंग. आय ओन्ली आस्क्ड.’

वही उघडून पाहिली. डिमांड, मागणी. माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारलेलं. मॅनेजरनी माफीचा ईमेल पाठवला आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

अर्थ बरोबर असून वाक्य चुकलं कसं? मैत्रीण म्हणते, इंग्रजीतून इंग्रजी डिक्शनरी घे. पण तिच्यात एक शब्द बघायला जावं तर त्याच्या अर्थातच दोन अनोळखी शब्द भेटतात. आणि खाली दिलेली वाक्यं परक्या घरातली वाटतात, डोक्यात राहत नाहीत. काय करू?

---

फोंड्याचे_मास्तर

ताई, मी तीस वर्षं पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवलं. मराठी शाळेतून आलेली, पहिल्या बाकावर गप्प बसणारी मुलं मी रोज पाहिली आहेत. तुमची मेहनत वाया गेलेली नाही, हे आधी सांगतो. वहीत फक्त एक रकाना कमी आहे.

क्षणभर उलट बाजूने बघा. एखादा इंग्रज मराठी शिकतोय आणि त्याने वहीत लिहिलं, मागणी म्हणजे डिमांड. आता आपण म्हणतो, ‘मानकुराद आंब्याला मागणी आहे.’ तिथे त्याचं बरोबर. ‘कामगारांनी पगारवाढीची मागणी केली.’ तिथेही बरोबर. मग त्याने ऐकलं, ‘शेजारच्या मुलीला मागणी आली.’ तो घाबरेल, मुलीला कोण धमकावतंय म्हणून! आपल्याला हे कुणी शिकवलं नाही. आपण तो शब्द लग्नघरात ऐकला, बाजारात ऐकला, मोर्चात ऐकला. तुमच्या वहीत डिमांड एकटाच आला, त्याच्यासोबत माणसं आलीच नाहीत.

इंग्रजीत कुणी माणूस डिमांड करतो तेव्हा त्याचा आवाज चढलेला असतो. नाही म्हटलेलं तो ऐकून घेणार नाही, असा त्याचा पवित्रा असतो. संप करणारे डिमांड करतात, खंडणी मागणारा डिमांड करतो. तुमच्या पाहुण्यांनी विनंती केली होती. म्हणून ते दुखावले. आंब्याला डिमांड असते तेव्हा मात्र त्यात राग नसतो, कारण तिथे मागणारा समोर उभा नसतो. हा फरक उजव्या रकान्यातल्या एका शब्दात मावत नाही. तो फक्त वाक्यात दिसतो.

आता डिक्शनरीबद्दल. तुम्ही बहुधा मोठी, इंग्रजांसाठी केलेली उघडलीत. शिकणाऱ्यांसाठीची वेगळी असते, दुकानात ‘लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून मागा. तुमची अडचण फार जुनी आहे आणि तिच्यावर पूर्वीच काम झालं. इंग्रजांच्या काळात बंगालमध्ये शिक्षणखात्यात काम केलेले मायकल वेस्ट यांनी १९३५ साली एका सहकाऱ्याबरोबर अशी डिक्शनरी केली, की सगळे अर्थ फक्त १४९० सोप्या शब्दांत सांगायचे. पुढे लाँगमन प्रकाशनाने १९७८ साली साधारण दोन हजार शब्दांत तेच केलं. म्हणजे तेवढे शब्द आले की बाकीची डिक्शनरी आपली आपण वाचता येते, आणि वर्षभर रोज दहा शब्द करणाऱ्या तुम्ही त्या दोन हजारांच्या पलीकडे गेला असाल. १९८७ साली बर्मिंगहॅमच्या कोबिल्ड डिक्शनरीने आणखी एक सोय केली. अर्थच पूर्ण वाक्यात. ‘तुम्ही एखादी गोष्ट डिमांड करता तेव्हा...’ अशा धर्तीचा. कोण, कुणाकडे, कशा सुरात, सगळं त्या एका वाक्यात येतं. विकत घ्यायची घाई नको. पणजीत पाट्टोला कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून दोन-तीन चाळून बघा, जी समजेल ती आपली.

परक्या घरातल्या वाक्यांचं म्हणाल तर त्यांच्याखाली आपल्या घरातलं एक लिहायचं. मुलांना मी सांगायचो, वाक्यात आईचं, शेजाऱ्याचं किंवा बैलाचं नाव आलंच पाहिजे. एका मुलाने ‘रिलक्टंट’वर लिहिलं होतं, ‘अवर बुल इज रिलक्टंट टू क्रॉस द ब्रिज.’ नाखूष, अनुत्सुक असे अर्थ मी फळ्यावर लिहिले होते, ते वर्ग विसरला. पुलावर पाय रोवून उभा राहिलेला बैल कुणी विसरलं नाही.

दहा शब्द सोडा. दिवसाला तीन घ्या.

---

रात्रपाळी_बांबोळी

मी नर्स आहे. मास्तरांचं सगळं पटलं, फक्त उजळणीचं राहिलं. नुसत्या वहीत मागची पानं परत उघडली जात नाहीत. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापते. पुढे वाक्य, त्यात शब्दाची जागा रिकामी. मागे शब्द. चपलांचे तीन खोके. पहिल्यातलं रोज, दुसऱ्यातलं तीन दिवसांनी, तिसऱ्यातलं आठवड्याने. आठवला की पुढच्या खोक्यात, चुकला की परत पहिल्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मनाने १९७० च्या दशकात मांडली.

रिकामी जागा वाक्यातच ठेवायची. शब्द बघून अर्थ आठवणं सोपं असतं. पेशंटसमोर उभं राहिल्यावर उलटं लागतं.

---

पेडण्याचा_बागायतदार

बाय, रिसेप्शनवर आहेस तर एक गोष्ट लक्षात ठेव. जोड्या. आपण म्हणतो जोराचा पाऊस, जोराचा वारा. इंग्रजीत पाऊस हेवी आणि वारा स्ट्राँग. समुद्राची ओढ पण स्ट्राँग, ‘स्ट्राँग करंट.’ मी बरीच वर्षं ‘स्ट्राँग रेन’ म्हणत होतो. समोरच्याला कळायचं, पण तो एक क्षण थांबायचा. शब्द एकटा लिहू नको, शेजाऱ्यासकट लिही.

आणि इंग्रजी इतकी परकी मानू नको. आपला काजू आणि त्यांचा कॅश्यू दोन्ही पोर्तुगिजांच्या एकाच शब्दातून आले. कोप्रा हे आपल्या खोबऱ्याचंच भावंड. मॉन्सून आणि आपला मोसम दोन्ही एकाच अरबी शब्दातून आले. माझ्या बागेतले अर्धे शब्द त्यांच्या डिक्शनरीत आहेत.

---

साखळीची_बाय

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, ‘मुलीला मागणी आली’ हे वाचलं आणि तो ईमेल पाहुण्यांना कसा वाटला असेल ते पहिल्यांदा कळलं.

रविवारी पाट्टोला जाऊन आले. पूर्ण वाक्यात अर्थ देणारी मला समजली, एकही शब्द अडला नाही. संध्याकाळी चिठ्ठ्या कापल्या. डिमांडची पहिली. एका बाजूला, ‘देअर इज ग्रेट डिमांड फॉर मानकुराद इन मे.’ त्याच्याखाली, ‘द लँडलॉर्ड डिमांडेड द रेंट ॲट सिक्स इन द मॉर्निंग.’ हे दुसरं खरं आहे, माझ्या मावशीच्या घरचं. तो दारावर मारलेला हात मला अजून ऐकू येतो, त्यामुळे हा शब्द आता चुकणार नाही.

काल एका बाईंनी जादा उशी मागितली. लिहिलं, ‘यू हॅड आस्क्ड फॉर अ पिलो. इट इज इन युवर रूम.’ त्यांचं ‘थँक यू, डिअर’ आलं.

मास्तर, आता ‘रिग्रेट’ आणि ‘सॉरी’वर अडलेय. दोन्हीपुढे वहीत ‘खेद’ आहे. खोलीत पाणी आलं नाही तर यातलं कुठलं लिहू?