प्रतिसाद: येशूच्या पुनरुत्थानाची (मरणातून पुन्हा उठण्याची) कथा 40 वर्षांनी रचली गेली का?

एकांनी लिहिलंय की मार्कचं शुभवर्तमान (बायबलातलं येशूचं चरित्र) साधारण इ.स. 70 च्या आसपासचं, म्हणून पुनरुत्थानाची श्रद्धाही तेव्हाचीच, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे 40 वर्षांनी रचलेली. इथे गल्लत होते ती नव्या कराराची (बायबलच्या दुसऱ्या भागाची) पुस्तकं छापील क्रमाने वाचल्यामुळे. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं मार्कच्या आधीची आहेत.

करिंथकरांस पहिलं पत्र (इ.स. 53-55) काढा, अध्याय 15, वचनं 3 ते 5. ‘मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सोपवलं’ म्हणून पौल एक ठरीव मजकूर देतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला, दिसला. ग्रीकमध्ये प्रत्येक क्रियापदाआधी ‘हॉटि’ (hoti) म्हणजे ‘की’ येतो, पाठांतराचा साचा! ‘बारा जण’ (येशूचे शिष्य) हा शब्द पौल एरवी कुठेच वापरत नाही. म्हणजे मजकूर त्याच्या आधीचा. करिंथात तो इ.स. 50-51 च्या सुमारास होता, हे डेल्फीच्या (ग्रीसमधल्या) शिलालेखातल्या गल्लियो या रोमी अधिकाऱ्याच्या उल्लेखावरून ठरतं; पौल करिंथात असताना त्याला याच्यासमोर उभं केलं होतं. तेव्हा ही झाली अलीकडची मर्यादा: मजकूर याहून उशिराचा असू शकत नाही. ‘वधस्तंभानंतर दोन-तीन वर्षांतच’ हा मात्र तर्क आहे, पुरावा नव्हे. तो गलतीकरांस पत्र 1:18 वर उभा आहे: पौल यरुशलेमेत केफाकडे (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे) 15 दिवस राहिला.

उलट बाजूही बघा. या मजकुरात शुभवर्तमानांतली रिकामी कबर नाही, ती पाहणाऱ्या स्त्रियाही नाहीत. आणि आठव्या वचनात पौल स्वतःच्या दर्शनालाही तेच ‘ओफ्थे’ (दिसला) क्रियापद लावतो. खरा वाद आहे तो इथे: ‘दिसला’ म्हणजे प्रत्यक्ष शरीराने की दर्शनात?

श्रद्धा जुनी ठरली म्हणून घटना सिद्ध होत नाही, पण ‘40 वर्षांनी रचली’ हे टिकत नाही.