मदत हवी आहे: न बोलणाऱ्या मुलाची पोटदुखी ओळखावी कशी?

माझा 6 वर्षांचा स्वमग्न मुलगा बोलत नाही. जुनाट बद्धकोष्ठतेसाठी बालरोगतज्ज्ञांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉल (शौच मऊ करणारे औषध) सुरू केल्यापासून 3 महिन्यांत त्याला शौचास नियमित व मऊ होऊ लागले. तरीही काही रात्री तो जागा होऊन पलंगाच्या कडेवर पोट दाबतो आणि स्वतःच्या हाताला चावतो. उलटी, शौचातून रक्त किंवा वजनात घट नाही. सीलिअ‍ॅक (गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणे) या आजाराची रक्ततपासणीही सामान्य आली. तो मोजके चारच पदार्थ खात असल्याने ग्लूटेन वा दूध बंद करण्याचा सल्ला कृपया देऊ नये (त्याला ठोस पुरावाही नाही). झोपेची व शौचाची नोंदवही मी ठेवते. पोट दाबण्यामागे आम्ल घशाशी येणे आहे, उरलेली बद्धकोष्ठता की केवळ संवेदनात्मक गरज (दाब जाणवल्याने बरे वाटणे), हे डॉक्टरांना ठरवता यावे यासाठी नोंदवहीत आणखी नेमके काय टिपावे?